कर्त्याच्या पश्चात शेतीची व्यवस्था

पुढील हंगामाची तरतूद करण्यात आपला शेतकरी कोणाला हार जाणारा नाही. सुगीच्या रासीतून बियाण्याचे दाणे तो आधी बाजूला काढतो. वैरणीची गंजी पावसाच्या आधी शाकारतो. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती पुरेल याचा अंदाज माघातच बांधतो. परंतु आपण स्वतः उद्या नसलो, किंवा अर्धांगवायूने अंथरुणास खिळलो, तर ही जमीन, ही विहीर आणि हे कर्ज कोणाच्या अंगावर कसे पडेल याचा विचार मात्र फारच थोड्या घरांतून झालेला असतो. असा विषय काढणे अभद्र मानले जाते. ‘अजून मी जिवंत आहे’ या एका वाक्यात वडीलधारे तो मिटवून टाकतात, आणि मुलांनी विचारावे तर त्यांची दृष्टी वाटणीवर आहे असा बोभाटा होतो.

या संकोचाचे फळ कोणास भोगावे लागते हे पाहावयाचे असेल तर तालुक्याच्या कचेरीच्या ओसरीवर सकाळी तासभर बसावे. आजोबांच्या नावाचा सातबारा हातात घेऊन नातू उभा असतो. मधल्या पिढीत चार भाऊ, तीन बहिणी. त्यांपैकी दोघे निवर्तलेले, एक मुंबईस, एका बहिणीचा पत्ताच ठाऊक नाही. पीककर्जासाठी सोसायटीत गेलेल्या विधवेस सांगण्यात येते की जमीन सासऱ्यांच्या नावे आहे, आपले नाव कोठेच नाही. पतीचा दहावा झाला त्याच आठवड्यात पेरणीची वेळ आलेली असते, आणि पाऊस फेरफार मंजूर होण्याची वाट पाहात नाही.

अशा मृत खातेदारांच्या नोंदी राज्यात इतक्या साचल्या की शासनाने बुलढाणा जिल्ह्यात आरंभ करून एप्रिल 2025 पासून सर्व राज्यात ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली. मोहिमेने जुना साचलेला गाळ निघेल. तो पुन्हा साचू न देणे हे मात्र ज्याच्या त्याच्या घरचे काम आहे.

आधी सातबारा नीट वाचावा

सातबारा आपण पुष्कळ वेळा काढतो, पण वाचतो क्वचितच. मिळकतीची व्यवस्था करू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या खात्याचा 8-अ आणि त्यातील प्रत्येक गटाचा सातबारा समोर घेऊन बसावे. त्यात कोणाची नावे आहेत, कोणाची असावयास हवी होती, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणता बोजा चढला आहे, हे पाहावे. फेडलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षे उतरविलेला नसतो, आणि तो नेमका अडचणीच्या दिवशी आडवा येतो.

कित्येक सातबाऱ्यांवर नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. वडील वारल्यावर थोरल्या मुलाचे नाव कुटुंबाच्या वतीने लागले, धाकटी भावंडे त्या वेळी लहान होती, पुढे कोणी लक्ष दिले नाही. थोरला भाऊ सज्जन होता तोवर काही बिघडले नाही. त्याच्या पश्चात मात्र त्याची मुले सर्व जमीन आपलीच समजू लागतात आणि चुलते परके ठरतात. अज्ञान मुलांच्या नावापुढील ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता ही अक्षरेही मुले सज्ञान होऊन त्यांची लग्ने झाली तरी तशीच राहिलेली दिसतात. या दोन्ही नोंदी दुरुस्त करून घेता येतात, आणि सर्व भावंडे हयात व एकमेकांशी बोलत असतात तेव्हा ते काम जितके सोपे तितके पुन्हा कधीच नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्यावर नाव लागल्याने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने वारसाचा हक्क बुडत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. तरीही कर्ज, अनुदान, पीकविमा, नुकसानभरपाई या साऱ्यांची वाट त्या कागदावरूनच जाते. हक्क आहे पण नाव नाही, अशा स्थितीत माणूस हंगामच्या हंगाम काढतो.

खातेदार मयत झाल्यास त्याच्या वारसांनी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वये तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (आता त्या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवावयाचे असते. वारसांची चौकशी गाव नमुना 6-क मध्ये नोंदली जाते, त्यावरून फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. अर्ज आता ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून दाखल्याच्या चार प्रती घेऊन ठेवल्या म्हणजे पुढच्या खेपा वाचतात.

काहीच लिहून ठेवले नाही तर

‘मी काही लिहिले नाही तर जमीन मुलांनाच जाणार’ अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धवट आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे पुरुष खातेदार मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि हयात असलेली आई यांना सारखे हिस्से मिळतात. आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुले त्या मुलाचा हिस्सा घेतात. म्हणजे सासऱ्यांच्या हयातीत पती गेला तरी सुनेचा व नातवंडांचा हक्क संपत नाही. सासऱ्यांच्या मृत्यूनंतर तो उभा राहतो. ही गोष्ट खेड्यापाड्यांतील विधवा भगिनींना कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगत आहोत.

वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा. तो समजण्यास महाराष्ट्रातीलच एक खटला उपयोगी आहे. 1960 साली वारलेल्या एका गृहस्थाच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. गुरुपाद विरुद्ध हिराबाई या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दिला. मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे मानावयाचे. त्या मानीव वाटणीत पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. नंतर पतीचा चौथा हिस्सा सहा वारसांत सारखा. पत्नीचा हिस्सा भरला 7/24. मिळकत 12 एकर शेतजमीन आहे असे समजून तेच प्रमाण लावले, तर पत्नी व दोन्ही मुलगे यांस प्रत्येकी साडेतीन एकर आणि तिन्ही मुलींना प्रत्येकी अवघे 20 गुंठे येतात.

आता तेच कुटुंब आजचे समजा. महाराष्ट्राने 1994 साली आणि संसदेने 2005 साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीस जन्मानेच सहदायक केले. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, आणि 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली दिला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकलता येत नाहीत. आज मानीव वाटणी सात जणांत होईल. पित्याचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत विभागला जाईल. हिशेब करून पाहिल्यास आई, दोन भाऊ व तीन बहिणी या सर्वांस नेमका सहावा हिस्सा, म्हणजे दोन-दोन एकर येतात. वीस गुंठ्यांचे दोन एकर झाले, हा फरक ज्या भावांनी अद्याप मनात धरलेला नाही त्यांच्या घरात पुढे कटकट ठरलेली आहे.

बहिणींच्या हक्कसोडीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. वडिलांच्या दिवसकार्यास आलेल्या बहिणींस तेराव्यानंतर निबंधक कचेरीत नेऊन सह्या घेणे आणि साडीचोळी देऊन पाठवणी करणे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. समजून-उमजून आणि स्वेच्छेने तिने हक्क सोडला तर त्यात वावगे काही नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असले पाहिजे इतकेच. परंतु कागद वाचून न दाखविता घेतलेली सही ही भावाच्याही हिताची नव्हे. भाच्यांनी पुढे दावा लावला म्हणजे ज्या जमिनीसाठी हे केले ती कोर्टाच्या मनाईहुकमाखाली पडीक राहते. त्यापेक्षा वडिलांनीच आपल्या हयातीत, सर्वांना समोर बसवून, मुलीस काय द्यावयाचे ते ठरविणे शहाणपणाचे. जमीन नको असल्यास तिच्या हिश्शाची किंमत रोखीने वा ठेवीच्या रूपाने देण्याची सोय करता येते.

अनुसूचित जमातींना हा 1956 चा अधिनियम लागू होत नाही. तेथे रूढी पाहिली जाते. मात्र रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून वारसा नाकारणे समतेस धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली एका गोंड कुटुंबाच्या वादात म्हटले आहे. मुसलमान शेतकऱ्यास वारसांच्या संमतीवाचून मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. ज्यांची मिळकत गोव्यात आहे त्यांनी तर तेथील वकिलास विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. तेथील उत्तराधिकाराचा कायदा निराळा असून मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

मृत्युपत्र

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत, ते लिहिता येते. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याने सही वा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात, एवढ्यात ते पुरे होते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. दुय्यम निबंधकापुढे झालेल्या कागदावर शंका घेणे अवघड जाते. वय झालेले असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

साक्षीदार निवडताना मात्र आपले लोक चूक करतात. गावातील सर्वांत वयोवृद्ध व प्रतिष्ठित असामी पाहून त्यास साक्षीस बसवितात. वाद पडल्यास किमान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो; तो आपल्यापेक्षा वयाने लहान, निरोगी आणि सहज सापडणारा असावा. ज्यास मिळकत द्यावयाची त्याला, किंवा त्याच्या पत्नीस, साक्षीस घेऊ नये. संशयाला निष्कारण जागा होते.

स्वकष्टार्जित जमीन कोणासही देता येते. वडिलोपार्जित जमिनीत केवळ आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. सगळी जमीन आपलीच समजून केलेली मृत्युपत्रे येथेच फसतात. म्हणून कोणता गट वडिलांकडून आला व कोणता स्वतः खरेदी केला, हे फेरफार क्रमांकांसह नमूद करावे. कूळकायद्याने मिळालेल्या, इनामाच्या अथवा भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीवर हस्तांतरणाच्या अटी असतात. त्यांविषयी तहसील कार्यालयात विचारून मगच लिहावे. पत्नीस द्यावयाचे असल्यास ‘हयातीपर्यंत खावे’ असे मोघम लिहू नये. तिला पूर्ण मालकी द्यावयाची की केवळ उत्पन्न, हे निःसंदिग्ध लिहिले नाही तर त्या एका शब्दावर दोन पिढ्या भांडतात. आमचे मत विचाराल तर जिने जन्मभर त्या शेतात खुरपणी केली तिला काही भाग पूर्ण मालकीने देणेच उचित. मृत्यूची वाट तरी कशाला पाहावी? पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे; शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्यापूर्वीच हा विचार गावोगाव नेला होता.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, ही त्याची मोठी सोय. बक्षीसपत्राने जमीन एकदा दिली की ती गेली. मुलांच्या नावे सर्व करून देऊन मग सुनेच्या तोंडाकडे पाहात बसलेले म्हातारे प्रत्येक गावात एखादे तरी असतेच. वृद्धांच्या निर्वाहाबाबत 2007 चा कायदा आहे आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. तथापि ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. दोन घासांपुरती जमीन व राहता खण स्वतःच्या नावे राखूनच उरलेल्याची वाटणी करावी.

कागदावर न येणाऱ्या गोष्टी

गट क्रमांक व क्षेत्र लिहिले म्हणजे वाटणी झाली असे समजणारा शेती न करणाराच असला पाहिजे. भाऊबंदकी पेटते ती बहुधा जमिनीच्या क्षेत्रावरून नव्हे, पाण्यावरून आणि वाटेवरून. विहीर एका गटात, जमीन चार गटांत. पाण्याच्या पाळ्या आठवड्यातून कोणास किती दिवस, मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसावा, वीजजोडणी कोणाच्या नावे राहावी, पाईपलाईन कोणाच्या शेतातून कोणत्या बांधाने जाते, नवे विंधन घेतल्यास त्यात कोणाचा भाग, या गोष्टी लिहिलेल्या नसतात. वडिलांच्या तोंडी असतात आणि त्यांच्याबरोबर जातात. रस्त्याचे तसेच. आतल्या बाजूच्या गटास बैलगाडी जाईल, आणि आता ट्रॅक्टर जाईल, इतकी वाट कोठून ठेवली आहे हे नकाशासह लिहून ठेवावे. अडविलेली वाट मोकळी करून घेण्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे खरा. पण भावाविरुद्ध तेथे जाण्याची पाळी यावीच कशाला?

बांधावरची आंब्याची, चिंचेची झाडे कोणाची, गोठा कोणाच्या हिश्शात, कडब्याच्या गंजीला जागा कोणती, हेही टिपून ठेवावे. जमीन फारच थोडी असेल तर मात्र प्रत्येकास पट्टा कापून देण्याचा हट्ट धरू नये. दोन एकरांचे चार तुकडे केल्यावर एकाही तुकड्यात औत नीट वळत नाही, आणि 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण निराळीच. एकाने कसावे, इतरांनी ठरलेले खंडाचे धान्य वा रक्कम घ्यावी, किंवा एकाने इतरांस हिश्शाची किंमत हप्त्यांनी द्यावी, अशी तोड अनेक घरांतून यशस्वी झालेली आहे. हयातीतच वाटणी करावयाची असल्यास सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली अर्ज करता येतो, अथवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. साध्या कागदावरची किंवा पाचशेच्या मुद्रांकावरची नोंदणीविरहित वाटणी पुढे पंचाईत करते.

याच वहीत देणी-घेणीही लिहावीत. सोसायटीचे व बँकेचे कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने घेतलेले व दिलेले. वारसावर मयताच्या कर्जाची जबाबदारी त्यास मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेतच असते. घरात दुःख असताना सावकार दारात येऊन दाखवील तो आकडा मान्य करावा लागू नये म्हणून स्वतःच्या हस्ताक्षरातील नोंद फार उपयोगी पडते. साखर कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचे सभासदत्व, पोस्टातील ठेव, विम्याची पॉलिसी, यांचे क्रमांकही तेथेच असावेत. बँकेच्या खात्यास नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. लग्नापूर्वी आईचे वा भावाचे नाव दिलेले असेल तर ते पाहून बदलावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः बँकेकडून पैसे स्वीकारणारी. ते पैसे सर्व वारसांचे असतात हे विसरू नये.

बँकेतून दरसाल 436 रुपये कापून जाणारी जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना आपल्या खात्यास लागू आहे की नाही, हे घरातील माणसांस ठाऊक नसते आणि दोन लाखांचा दावा केलाच जात नाही. सर्पदंश, विजेचा धक्का, अंगावर वीज पडणे, रस्त्यावरील अपघात अशा प्रसंगी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून, 2023 च्या शासननिर्णयाप्रमाणे, मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव नसलेला कुटुंबातील एक सदस्यही त्यात येतो. अर्ज तालुका कृषी कार्यालयात शक्य तितक्या लवकर करावा. या कामी पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. शेतात मृत्यू आला की दुःखाच्या भरात परस्पर अंत्यविधी उरकला जातो आणि मग हाती पुरावा राहात नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अशा वेळी घरच्यांस ही आठवण देणे हे खरे साहाय्य होय.

मृत्यूपेक्षाही अवघड प्रसंग म्हणजे कर्ता जिवंत असून त्याचे भान जाणे. दिलेले मुखत्यारपत्र, देणाऱ्याची बुद्धी गेल्यास किंवा तो वारल्यास, निरुपयोगी होते. पुष्कळजण नेमके उलटे समजतात. म्हणून शुद्धीत असतानाच किमान एक खाते पत्नीबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे करून घ्यावे, म्हणजे दवाखान्याचा खर्च व खताचे पैसे अडत नाहीत. मुले अज्ञान असतील तर त्यांच्या हिश्शाची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून आईसही विकता येत नाही, हे ध्यानात घेऊन निराळी रोख तजवीज ठेवावी.

हे सर्व एका दिवसात होणारे काम नव्हे. रब्बीची कापणी आटोपल्यावर आणि मशागतीस लागण्यापूर्वी जे पंधरा दिवस मोकळे मिळतात, त्यांत प्रथम 8-अ व सर्व सातबारे काढावेत, दुसऱ्या खेपेस ए. कु. मॅ. व बोजाच्या नोंदींचे अर्ज द्यावेत, आणि मुली उन्हाळ्यात माहेरी आलेल्या असताना सर्वांसमक्ष बोलणे करून मृत्युपत्राचा मसुदा माहितगार वकिलास दाखवावा. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत व त्याची नक्कल दुसऱ्या घरी, आणि पेटीची किल्ली कोठे आहे हे पत्नीस व एका मुलीस ठाऊक, इतकी व्यवस्था करून मग खरिपाच्या बियाण्याच्या मागे लागावे.